आधी मजुरी, मग मदत

(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला सांगितलं, "तुमच्या तुकडीच्या वारली कार्यशाळेबद्दल पंधरा मिनिटं बोला. किती पैसे जमले, शाळेला काय दिलं ते सांगा, म्हणजे बाकीच्या तुकड्यांनाही हुरूप येईल." नुसता हुरूपच आणायचा असता तर चार फोटो दाखवून मी खाली बसले असते. पण आपले गणिताचे सर पहिल्याच रांगेत बसले आहेत. उत्तर बरोबर आलं आणि रीत चुकली, तर सर अर्धे गुण कापायचे, आठवतंय ना? आमच्या पहिल्या कार्यशाळेचं तसंच झालं. उत्तर बरोबर होतं. रीत चुकली होती. आज ती रीतच सांगणार आहे.

सुरुवात कार्यशाळेपासून नाही झाली, भूकंपापासून झाली. नोव्हेंबर २०१८ पासून आपल्या डहाणू-तलासरीची जमीन हलायला लागली. धुंदलवाडीच्या बाजूच्या गावांना आधी धक्के, मग धक्क्यांचा पत्ताच राहिला नाही. १ फेब्रुवारी २०१९ ला तर ४.१ तीव्रतेचा धक्का बसला. त्या थंडीत कितीतरी कुटुंबं घर असून अंगणात झोपत होती. आपल्यापैकी जे मुंबई-ठाण्याला आहेत त्यांनी ते टीव्हीवर पाहिलं. जे इथे आहेत त्यांनी रात्री भांड्यांच्या फळीचा आवाज ऐकला. आमचा 'दहावी ८८' नावाचा व्हॉट्सॲप गट आहे. तोपर्यंत त्यावर सुप्रभात, वाढदिवस आणि गुडघेदुखीवरचे उपाय, एवढंच चालायचं. त्या वेळी पहिल्यांदा कोणीतरी लिहिलं, "ताडपत्र्या पाठवायच्या का?" आणि पाठवल्या. तलासरी तालुक्यातल्या एका पाड्यावरच्या जिल्हा परिषद शाळेच्या भिंतीला तडे गेले होते. तिथल्या गुरुजींनी वर्ग बाहेर आंब्याखाली भरवला होता. आमच्या दोन ताडपत्र्या त्या आंब्याला बांधल्या गेल्या. तेव्हापासून ती शाळा आमची झाली. म्हणजे आम्ही तसं समजायला लागलो.

पुढे दर वर्षी वर्गणी काढायची असं ठरलं. पहिल्या वर्षी सगळ्यांनी दिली. दुसऱ्या वर्षी अर्ध्यांनी दिली. तिसऱ्या वर्षी मी फोन केला की माणसं 'मीटिंगमध्ये आहे' म्हणायला लागली, त्यात आपले दोन निवृत्त मित्रही होते. तेव्हा एका मैत्रिणीने सुचवलं, "लोकांकडे नुसते पैसे मागण्यापेक्षा त्यांना काहीतरी देऊया. मुंबईची कुटुंबं मुलांना घेऊन शनिवार-रविवारी कुठेतरी जायचं म्हणतच असतात. आपल्याकडे समुद्र आहे, चिकू आहे, लोकल आता डहाणूपर्यंत येते. आणि वारली चित्रं आहेत. आई-बाबा आणि मुलं, सगळ्यांनी एकत्र बसून काढायची. फी घ्यायची. उरेल ते शाळेला."

कल्पना उत्तम होती. ती अजूनही उत्तम आहे, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून कोणी म्हणेल, नकोच ती भानगड.

आता एक गंमत बघा. आपण शाळेत सात-आठ वर्षं चित्रकला शिकलो. तांब्या-पेला काढला, जास्वंद काढली, 'पावसाळ्यातील एक दृश्य' काढलं. पण वारली चित्र एकदाही काढलं नाही. आपल्याच तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी भिंतीवरची ही कला कागदावर आणि कापडावर आणली, ती साधारण आपण चड्डी-फ्रॉकमध्ये होतो तेव्हा. भास्कर कुलकर्णींसारखे कलावंत मुंबईहून या पाड्यांत फिरत होते. जिव्यांची चित्रं देशाबाहेर गेली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकनही मिळालं. आणि आपण ती पहिल्यांदा नीट पाहिली कुठे, तर कोणाच्या तरी दिवाणखान्यात, नाहीतर चहाच्या कपावर. सर, तुमच्यावर ठपका नाही. अभ्यासक्रमातच नव्हतं. पण आपल्या वर्गातल्या शेवटच्या दोन बाकांवर ज्या घरातली मुलं बसायची, त्या घरांच्या भिंतींवर ते होतं, आणि आपण कधी विचारलं नाही.

तर डिसेंबर २०२२ मध्ये पहिली कार्यशाळा झाली. शाळेने हा हॉल दिला, त्याबद्दल आभार. त्याच पाड्यावरच्या दोन बायका शिकवायला आल्या, एक साधारण पन्नाशीची आणि एक तिची सून. चोवीस कुटुंबं आली. प्रत्येकी पाचशे रुपये फी.

आमच्या पत्रकावर मी मोठ्या अक्षरांत छापलं होतं, 'चला, कुटुंबासह लग्नचौक शिकूया'. ते पत्रक त्या पन्नाशीच्या बाईंच्या हातात दिलं. त्यांनी ते वाचलं (वाचता येईल असं मला वाटलं नव्हतं, हेही कबूल करते) आणि शांतपणे म्हणाल्या, "चौक नाही काढणार. इथे लग्न कुणाचं आहे?"

मी गडबडले. मग त्यांनीच समजावलं. लग्नाचा चौक घरातल्या भिंतीवर, लग्न असेल तेव्हाच, सवाशिणींनी काढायचा. चौकात पालघट देवी बसते. धवलेरी गाणं म्हणते, तेव्हा लग्न लागतं. ती पूजा आहे, चित्रकलेचा तास नव्हे. "बाकी सगळं शिकवते की," त्या म्हणाल्या. "शेत शिकवते, ताडाचं झाड शिकवते, कोंबड्या, मुंग्या. मुंग्या पोरांना आवडतात."

आणि खरंच, मुंग्यांनीच बाजी मारली. आदल्या रात्री भिजवून वाटलेल्या तांदळाचं पांढरं पाणी वाट्यांतून वाटलं. गेरू आणि शेणाने सारवून वाळवलेली कापडं प्रत्येक कुटुंबाला एक. ब्रश नाही, बांबूची काडी. तिचं टोक दाताने चावून मऊ करायचं. काड्या चावायला मिळाल्या म्हटल्यावर मुलं खूश, आया काळजीत. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून ठेवले की माणूस उभा राहतो, वरचा त्रिकोण थोडा कलला की तो चालायला लागतो, दोन्ही कलले की नाचतो. अर्ध्या तासात मुलांच्या कापडांवर नाच सुरू झाला. बाप मंडळी मात्र पट्टी मागत होती. एक गृहस्थ तर मुलीच्या हातातली काडी काढून घेऊन "थांब, तुला सरळ रेघ काढून देतो" म्हणायला लागले. बाईंनी त्यांच्या हातातून काडी घेतली, परत मुलीच्या हातात दिली आणि त्यांना वेगळी काडी दिली. एक शब्द बोलल्या नाहीत. तेवढ्या एका गोष्टीसाठी पाचशे रुपये वसूल, असं त्या मुलीच्या आईने मला नंतर सांगितलं.

संध्याकाळी समारोप. दोघींना शाल-श्रीफळ. टाळ्या. बारा हजार जमले, कापड, साहित्य, चहा-जेवण यांवर चार हजार तीनशे खर्च झाले, सात हजार सातशे उरले. गटावर फोटो गेले आणि अंगठ्यांचा पाऊस पडला. उत्तर बरोबर.

सगळं आवरल्यावर त्या दोघींना जीपच्या नाक्यापर्यंत सोडायला मी निघाले. हॉलमधून बाहेर पडल्यावर त्या पन्नाशीच्या बाई न विचारता डावीकडे वळल्या, मागच्या भिंतीपाशी गेल्या आणि म्हणाल्या, "नळ काढला वाटतं इथला."

मी म्हटलं, "मावशी, तुम्ही आधी आला होतात या शाळेत?"

त्या हसल्या. "आठवीपर्यंत होते. तुझ्याच वर्गात. तू बाईंच्या टेबलावर फुलं आणून ठेवायचीस."

मी दिवसभर तिला मावशी म्हणत होते. माझ्या वर्गातली मुलगी. वाडीवर कामाला असलेल्या मामाकडे राहून ती शिकत होती. आठवीच्या दिवाळीच्या सुट्टीनंतर ती आलीच नाही. घरचे सगळे गवत कापायला गेले, मग भट्टीवर, मग तिचं लग्न झालं. मला एवढंच आठवलं की काही दिवस हजेरीत तिचं नाव पुकारलं जायचं, कोणी 'हजर' म्हणायचं नाही, आणि मग एक दिवस ते नाव पुकारणं बंद झालं. हजेरीपटावर लाल रेघ पडली असणार. त्या रेघेबद्दल आपण कुणी घरी जाऊन एक शब्द बोललो नाही. आपणही तेरा-चौदा वर्षांचेच होतो, हे खरं. पण नंतर पस्तीस वर्षं आपण तेरा-चौदाचे नव्हतो.

तिचं नाव मी सांगत नाही, तिनेच नको म्हटलं आहे. पण हे सगळं सांगायला तिची परवानगी घेतली आहे.

दोन आठवड्यांनी आम्ही चौघं सात हजार सातशेची दप्तरं घेऊन पाड्यावर गेलो. गुरुजींनी चहा दिला, आभार मानले आणि आम्ही फारच आग्रह केल्यावर खरं सांगितलं. दप्तरं त्या वर्षी आधीच दोन ठिकाणांहून आली होती. गणवेश आणि पुस्तकं सरकारकडून येतात. "मग कमी काय आहे?" आम्ही विचारलं. गुरुजी म्हणाले, "पहिलीची मुलं बोलत नाहीत." आम्हाला कळेना. ते म्हणाले, "घरी वारली बोलतात. इथे मी पुस्तकातलं मराठी बोलतो. मी इकडचा नाही, मला त्यांची बोली येत नाही. सहा महिने मुलं माझ्याकडे नुसती बघत बसतात. ज्यांना समजत नाही ती हळूहळू यायची थांबतात. दिवाळीनंतर आई-बाप भट्टीवर निघाले की ती आधी जातात." दप्तरांवर उपाय नाही म्हणाले ते, हसत.

तिथून मैत्रिणीच्या घरी गेलो. दारातच झोळी टांगलेली होती, त्यात तिची धाकटी नात झोपली होती. झोळी आमच्या शालीची होती. मला बरं वाटलं, शाल कामाला तरी आली. चहा घेता घेता मी सहज विचारलं, "पुढच्या वेळी पुन्हा येशील ना?" ती म्हणाली, "येईन. पण गवताचे दिवस सोडून ठेव." मग एकेक कळत गेलं. कार्यशाळेचा एक दिवस आणि आदला दिवस, म्हणजे कापडं सारवायला आणि तांदूळ वाटायला, असे दोघींचे मिळून चार दिवस कामाचे बुडाले होते. तांदूळ तिच्या घरचे होते. जीपचं जाता-येताचं भाडं तिने दिलं होतं. आम्ही यातलं काहीच विचारलं नव्हतं. 'शाळेसाठी चाललंय, तुमच्याच मुलांची शाळा आहे,' असं मीच तिला फोनवर म्हटलं होतं.

ती रागावली नव्हती. हिशेब करत होती. बोटं मोडून झाल्यावर म्हणाली, "म्हणजे शाळेला पैसे आम्हीच दिले ना?"

तिच्या सासऱ्यांची खाट पडवीत होती. ते इतका वेळ गप्प होते. तेवढ्यात म्हणाले, "वेठ झाली ती."

मित्रांनो, हा शब्द आपल्याला इतिहासाच्या पुस्तकातून माहीत आहे. त्यांना घरातून माहीत आहे. झरी त्याच तलासरी तालुक्यात आहे. २३ मे १९४५ ला झरीला हजारो वारली जमले आणि वेठबिगार करणार नाही, फुकट राबणार नाही, असं त्यांनी ठरवलं. गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर त्यांच्याबरोबर होते. गोदूताईंनी ते सगळं 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहून ठेवलं आहे. ते पुस्तक आपल्या शाळेच्या कपाटात होतं, माझ्याही हातून गेलं आहे. म्हाताऱ्यांचे वडील त्या सभेला होते. सावकाराच्या वाडीवर फुकट राबायचं नाही, हे ज्या घराने तेव्हा ठरवलं, त्या घरातल्या दोन बायकांना आम्ही फुकट राबवलं. चाबूक नव्हता. शाल होती. पण मजुरी नव्हती, हे दोन्हीकडे सारखंच.

परतीच्या वाटेवर जीपमध्ये आम्ही चौघंही बोललो नाही. चारोटीच्या पुलाखाली चहा घेताना आमचा एक मित्र म्हणाला, "पैसे पाठवून देऊ या दोघींना, विषय संपेल." पाठवलेच. पण विषय संपला नाही, आणि संपला नाही हे बरं झालं.

पुढच्या वर्षीच्या, म्हणजे डिसेंबर २०२३ च्या कार्यशाळेची आखणी आम्ही त्या दोघींबरोबर बसून केली. पहिला प्रश्न जागेचा होता. मैत्रीण म्हणाली, "तुमच्या हॉलमध्ये शेणाचा वास आला की लोक नाक धरतात. पाड्यावर या." मला आपल्या कोसबाडची आठवण झाली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. मुलं शाळेत येत नाहीत म्हणून त्यांनी मुलांना दोष दिला नाही. शाळा पाड्यात नेली, अंगणात भरवली, गुरं चारणाऱ्या मुलांसाठी कुरणात नेली. शंख-शिंपले, बिया, पानं हीच त्यांची साधनं. हे सगळं आपल्या उंबऱ्यावर घडलं. आपल्याला त्याची सहल काढून दाखवली होती आणि आपण तिथे डबे खाऊन परत आलो होतो.

मग ठरलं, कार्यशाळा पाड्यावरच्या शाळेच्या अंगणात. शाळा व्यवस्थापन समितीची रीतसर परवानगी घेतली. फी कुटुंबाला नऊशे. कुटुंबं वीसच. शिकवायला पाच जणी, म्हणजे चार कुटुंबांमागे एक. प्रत्येकीला एक हजार रुपये, आणि ते पाकीट सकाळी, काम सुरू व्हायच्या आधी. हे मैत्रिणीच्या सासऱ्यांनी सांगितलं होतं: "मजुरी टाळ्यांच्या नंतर देऊ नका." जेवण पाड्यातल्याच बायकांनी रांधलं, तांदळाच्या भाकऱ्या आणि वालाची आमटी, त्याचे तीन हजार त्यांना.

आता हिशेब ऐका, सर. जमा अठरा हजार. मजुरी पाच हजार, जेवण तीन हजार, साहित्य तीन हजार दोनशे, येणं-जाणं सहाशे. एकूण खर्च अकरा हजार आठशे. शिल्लक सहा हजार दोनशे.

गटावर हिशेब टाकल्याबरोबर प्रश्न आला: "फी जवळपास दुप्पट करून शाळेला मागच्यापेक्षा दीड हजार कमी? मग फायदा काय?" प्रश्न विचारणारा मित्र इथे बसला आहे, हसतो आहे. त्याचा प्रश्न चुकीचा नव्हता, आम्हालाही आधी तसंच वाटायचं. पण नीट बघा. पहिल्या वेळी पाड्याच्या खिशातून मजुरी, तांदूळ आणि भाडं निघालं, आणि त्या बदल्यात पाड्याला तिसरं दप्तर मिळालं. दुसऱ्या वेळी पाड्यातल्या घरांत आठ हजार गेले आणि शाळेला सहा हजार दोनशे मिळाले. शिवाय त्या पाच जणींनी स्वतःची चित्रं दोरीवर लावली होती, किमती त्यांनीच ठरवल्या होत्या, ती विक्री आम्ही आमच्या हिशेबात धरलीच नाही. ते त्यांचे पैसे. आपल्यातलीच एक जण तिथे घासाघीस करायला लागली होती. मी तिला बाजूला नेऊन विचारलं, "मॉलमध्ये करतेस का?" नंतर तिने दोन चित्रं घेतली.

आणि सहा हजार दोनशेचं काय केलं? दप्तरं नाही घेतली. गुरुजींना पहिलीच्या वर्गासाठी बोलीचं माणूस हवं होतं. समितीने ठरवलं, दर शनिवारी पाड्यातली एक बाई तासभर वर्गात यायची. भिंतीवर चित्र काढायचं, मुलांशी घरच्या बोलीत त्यावर गप्पा मारायच्या, आणि गुरुजींनी त्याच चित्राखाली पुस्तकातला शब्द लिहायचा. एका वेळेचे दोनशे रुपये. सहा हजार दोनशे भागिले दोनशे, एकतीस. म्हणजे सुट्ट्या वजा जाता शाळेचं जवळजवळ अख्खं वर्ष.

मी तिसऱ्या की चौथ्या शनिवारी गेले होते. त्या दिवशी मैत्रिणीची पाळी होती. तिने कोंबडी काढली, पिल्लं काढली आणि मुलांना काहीतरी विचारलं. मला सगळं कळलं नाही. पण जी मुलं माझ्याकडे आणि गुरुजींकडे नुसती बघत बसलेली मी पाहिली होती, ती एकदम सगळी बोलायला लागली. कोंबड्या प्रत्येकाच्याच घरी असतात ना. एक मुलगा उठून भिंतीपाशी गेला आणि त्याने पिल्लांच्या मागे मांजर काढलं. वर्गात हशा पिकला. गुरुजींनी फळ्यावर 'मांजर' लिहिलं, आणि मुलांचा त्यासाठीचा शब्द आपल्या वहीत लिहून घेतला. गुरुजींच्या वहीत आता असे बरेच शब्द झाले आहेत. ते म्हणतात, "मीपण पहिलीतच आहे."

दिवाळीनंतर स्थलांतर थांबलं का? नाही थांबलं. भट्टीवर जाणारी घरं जातातच, ते आपल्या कार्यशाळेने थांबणारं नाही. पण गेल्या वर्षी दोन घरांनी मुलांना आजीजवळ ठेवलं आणि मुलं शाळेत टिकली. त्यातली एक मैत्रिणीची थोरली नात. ती आता दुसरीत आहे. डिसेंबर २०२४ ची तिसरी कार्यशाळाही त्याच अंगणात झाली, तिथे ती मुंबईच्या मुलांना काड्या चावायला शिकवत होती.

आता ज्या तुकड्यांना असं काही करायचं आहे, त्यांच्यासाठी थोडक्यात. कला वारलीच हवी असं नाही. तुमच्या भागात बुरूडकाम असेल, कुंभारकाम असेल. शिकवणाऱ्यांना आधी भेटा, पत्रक नंतर छापा. काय शिकवायचं आणि काय नाही, हे त्यांना ठरवू द्या. त्यांच्या कामाच्या दिवसांप्रमाणे तारीख धरा; भातकापणी आणि गवताच्या दिवसांत नको. तयारीच्या दिवसाचीही मजुरी धरा. आमच्या हजारात तो दिवस धरलेला आहे. वीसपेक्षा जास्त कुटुंबं नकोत, नाहीतर शिकणं राहतं आणि जत्रा होते. मुलांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका, दोन्हीकडच्या मुलांचे. शाळेला काय हवं ते शाळेला विचारा, आणि पहिल्या उत्तरावर थांबू नका, कारण पहिलं उत्तर आपल्याला बरं वाटावं म्हणून दिलेलं असतं. आणि हिशेब शाळेच्या दारावर चिकटवा, मराठीत, मोठ्या अक्षरांत. पाड्यातला माणूसही तो वाचतो.

शेवटचं एक. या मेळाव्याची निमंत्रणं दहावीच्या निकालाच्या यादीवरून गेली. जे दहावीपर्यंत पोचले ते माजी विद्यार्थी, असा आपला हिशेब. आठवीत, सातवीत, पाचवीत ज्यांच्या नावावर लाल रेघ पडली, ते या शाळेचे कोण? त्यांनीही याच नळाचं पाणी प्यायलं आहे. माझी संयोजकांना विनंती आहे, पुढच्या मेळाव्यासाठी जुने हजेरीपट काढा. पाचवीपासूनचे. आमच्या तुकडीने आपल्यापुरतं काम सुरू केलं आहे. सतरा नावं निघाली आहेत, त्यांतल्या सहांचा पत्ता लागला आहे.

त्या सहांपैकी एक आज इथे आली आहे, मागून तिसऱ्या रांगेत. मी तिला पुढे बस म्हटलं, ती म्हणाली, "मी माझ्या जागेवर बसते." कार्यक्रम संपला की बाहेर तिची चित्रं लावली आहेत. किमती लिहिल्या आहेत. घासाघीस करू नका.